पट्टी चुकली त्याच्याकडे आधी तू जा

लातूर

चि. सौ. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावरचे ओलावा मोजण्याचे यंत्र जवळजवळ महिनाभर दीड टक्का जास्त दाखवत होते आणि त्याच आकड्यांवर वजन कापून सोयाबीनच्या वजन-रकमेच्या हिशोबाच्या पट्ट्या शेतकऱ्यांच्या हाती गेल्या, हे तू सांगितलेस तेव्हा मी फोनवर फारसे बोललो नाही. अशा विषयावर लिहिलेले बरे असते. ते तुला पुन्हा वाचता येईल, आणि जे पटणार नाही तेथे खूण करून मला उलट विचारता येईल. तुझा प्रश्न होता की, लोकांना आता कसे पटवून द्यायचे. माझे पहिले सांगणे हेच आहे की, पटवून देण्याचा विचारच तू बाजूला ठेव. ज्याचे नुकसान झाले त्याला आपला व्यवहार स्वतः तपासता यावा, अशी सोय त्याने मागण्यापूर्वी करून देणे एवढेच आपल्या हातात असते. त्यानंतर विश्वास ठेवायचा की नाही आणि ठेवायचा तर कधी, हे सर्वस्वी त्याने ठरवायचे असते.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीच्या दुकानात मुनीम म्हणून माझे सारे आयुष्य गेले, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. आपल्याकडे शेतकरी आणि आडत्या यांचा संबंध निव्वळ खरेदी-विक्रीचा कधीच नव्हता. पेरणीला उचल, लेकीच्या लग्नाला उचल, दवाखान्याला उचल, आणि खळ्यावरून माल आला की त्यातून वळती, अशी वर्षानुवर्षांची ती साखळी असे. हा धंदा विश्वासावर चालतो, असे मोंढ्यात जो तो म्हणे. परंतु चोपडी दुकानात असे, काटा दुकानाचा असे, आणि उचल बाकी असल्यामुळे शेतकऱ्याला दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नसे. ज्याला तपासण्याची सोय नाही आणि सोडून जाण्याची मोकळीक नाही, त्याच्या गप्प राहण्याला मी विश्वास म्हणणार नाही. काही आडते खरोखरच सचोटीचे होते आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे, पण त्यांची सचोटी शेतकऱ्याला केवळ नशिबाने लाभत होती.

तुमची कंपनी नेमकी ही गोष्ट बदलण्यासाठी निघाली. मालक तेच, माल घालणारे तेच, आणि कोणाचे भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. म्हणून या चुकीचा घाव मोंढ्यातल्या कडत्यापेक्षा, म्हणजे वजनात होणाऱ्या मनमानी कपातीपेक्षा, खोल गेला आहे, हे तू ओळखले पाहिजेस. मोंढ्यात कोणी कडता कापला तर शेतकरी चिडतो, दोन शब्द सुनावतो, पण त्याला आश्चर्य वाटत नाही. स्वतःच्या म्हणवलेल्या काट्यावर तेच घडले की त्याला आपण फसलो असे वाटते, आणि गावात ज्यांनी ‘या कंपन्या-बिंपन्या काही खऱ्या नसतात’ असे सांगितले होते त्यांच्यासमोर त्याची मान खाली जाते. रक्कम लहान आहे, असे तुमच्या एका संचालकाने म्हटल्याचे तू सांगितलेस. रकमेने हे प्रकरण मोजू नये.

तरीही सुरुवात रकमेपासूनच करावी लागेल, कारण हिशोब चोख झाल्याशिवाय बाकीचे कोणी ऐकून घेणार नाही. तुमच्या पट्टीवर १२ टक्के ओलावा हा पाया छापलेला आहे. १०० किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा असेल तर त्यात कोरडा माल ८५ किलो, आणि १२ टक्क्यांच्या पायावर त्याचे वजन साधारण ९६ किलो ५९० ग्रॅम भरते. म्हणजे क्विंटलमागे ३ किलो ४१० ग्रॅम कपात ही रास्त कपात झाली. अनेकांना टक्क्याला एक किलो असा सरळ हिशोब ठाऊक असतो आणि त्यांना ही कपातही जास्तच वाटते. तो वेगळा गैरसमज आहे. तो दूर कर, पण या प्रकरणात मिसळू देऊ नकोस, नाहीतर ‘शेतकऱ्यांनाच हिशोब कळत नाही’ असा सूर निघेल आणि सगळे बिघडेल.

आता चुकीचा हिशोब पाहा. ज्याच्या मालाचा खरा ओलावा १२ टक्के किंवा त्याहून अधिक होता, त्याचे क्विंटलमागे सुमारे १ किलो ७०० ग्रॅम जास्तीचे कापले गेले. भाव ४,४०० रुपये धरला तर हे ७५ रुपये होतात, आणि २० क्विंटल घालणाऱ्याचे १,५०० रुपये. ज्याच्या मालाचा खरा ओलावा ११ टक्के होता त्याला यंत्राने साडेबारा दाखवले. त्याचे काहीच कापायला नको होते, तरी क्विंटलमागे २५ रुपये गेले. ज्याचा माल साडेदहाच्या आतच वाळलेला होता त्याचे मात्र काहीही गेले नाही. म्हणून क्विंटलमागे सरसकट अमुक रुपये वाटून मोकळे व्हावे, हा संचालक मंडळात निघालेला विचार मला मान्य नाही. त्यात काहींना जास्त जाईल, काहींना कमी जाईल, आणि आपले नेमके किती गेले होते हे कोणालाच कळणार नाही. प्रत्येक पट्टी नव्याने मांड, जुना आकडा आणि सुधारलेला आकडा शेजारी शेजारी लिही, कपात कशी काढली ते खाली दोन ओळींत दे, आणि तो कागद शेतकऱ्याच्या हातात दे. शाळेत जाणाऱ्या नातवाकडून त्याला तो हिशोब पडताळून घेता आला पाहिजे. यंत्राची चूक नेमकी दीड टक्काच होती की कमी-जास्त होत होती, हेही तुमच्याच तोंडून ठरू नये. राखून ठेवलेले नमुने परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लातुरात जे कृषी महाविद्यालय आहे तेथे किंवा दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत ओव्हनमध्ये वाळवून तपासता येतील का, ते आधी विचार.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे आणि तिचा उल्लेख तुझ्या बोलण्यात आला नाही. तुमच्या केंद्रावर १४ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला माल परत पाठवतात. म्हणजे ज्याचा खरा ओलावा १३ होता त्याला यंत्राने साडेचौदा दाखवले आणि त्याला भरलेला टेम्पो घेऊन माघारी जावे लागले. त्याने दोन वेळचे भाडे दिले, अंगणात पुन्हा माल पसरला, किंवा वाटेतच मिळेल त्या भावाने विकून टाकला. त्याची पट्टीच झालेली नाही, त्यामुळे तुमच्या दप्तरात तो कोठेच नाही. फाटकावरच्या वहीत गाडी क्रमांक असतील, हमालांना गावे आठवत असतील. तेवढ्यावरून ही माणसे शोधून काढ. किती भरपाई द्यायची हे मंडळाने ठरवावे, त्यात माझा आग्रह नाही. पण ज्यांची नोंद नाही अशांना तुम्ही आपणहून शोधत आला आहात, ही एकच गोष्ट गावोगावी ज्या प्रकारे पोहोचेल तशी तुमची कोणतीही जाहिरात पोहोचणार नाही. मात्र हे जाहिरात व्हावी म्हणून करू नकोस; त्यांचे नुकसान खरोखर झाले आहे आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

तुमच्या कार्यालयाने तयार केलेले पत्रक तू मला व्हॉट्सअॅपवर पाठवलेस. ‘तांत्रिक कारणामुळे काही पट्ट्यांमध्ये तफावत आढळून आली असून सभासदांनी सहकार्य करावे’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याचा हेतू वाईट नसेल, पण ते वाटू नकोस. त्या वाक्यात कोणीच काही केलेले नाही. तफावत आपोआप आली आणि ती आपोआप आढळली. त्याऐवजी सरळ लिही की, हंगाम सुरू होण्यापूर्वी यंत्र तपासून घेणे हे कंपनीचे काम होते, ते कंपनीने केले नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या पट्ट्या त्यामुळे चुकल्या. चूक लक्षात आल्यावरही आठवडाभर खरेदी त्याच यंत्रावर चालू राहिली. सुधारित पट्टी सोबत आहे आणि फरकाची रक्कम अमुक तारखेला खात्यात जमा होईल. त्या आठवड्याचा उल्लेख करू नये असे तुला सांगितले जाईल. तो अवश्य कर. केंद्रावरच्या हमालांना आणि मापाड्यांना तो ठाऊक आहे, म्हणजे चार गावांना तो ठाऊक होणारच आहे, आणि दुसऱ्याकडून कळलेली अर्धी गोष्ट आपण सांगितलेल्या पूर्ण गोष्टीपेक्षा नेहमी जास्त नुकसान करते. पत्रक वाटून थांबू नकोस. ज्या गावांतून माल आला त्या प्रत्येक गावात पारावर किंवा ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन बस, लोक जे बोलतील ते संपेपर्यंत ऐक, आणि मध्येच खुलासा देऊ नकोस. कोणी आवाज चढवला तर त्याला बसवायला गावातल्या पुढाऱ्याला पुढे करू नकोस. आणि पैसे देताना ‘पुढच्या हंगामात माल आपल्याकडेच आणा’ असे चुकूनही म्हणू नकोस. फरकाची रक्कम हे त्यांचे घेणे आहे, ते तुमच्या धंद्याचे बियाणे नव्हे.

नाथमहाराजांची ती कथा तुला आजीने सांगितली होती. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशोब पाहत असताना एका पैचा मेळ लागेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले आणि चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, असे आपल्याकडे सांगतात. कीर्तनात तिचा रोख परमार्थाकडे जातो आणि ते योग्यच आहे. मला मुनीम म्हणून तिच्यातली वेगळी गोष्ट मोलाची वाटत आली आहे: ती पै कोणी मागायला आलेले नव्हते. मागणारा दारात उभा राहिल्यावर हिशोब सगळेच उघडतात. तुमच्या प्रकरणात मागणारे अजून फारसे आलेले नाहीत, म्हणून हे काही दिवस तुझ्यासाठी फार मोलाचे आहेत.

तुमच्या औसा तालुक्यातल्या ज्या गावांतून माल येतो, त्यांतल्या काही गावांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेली आहे. गणेश विसर्जन करून माणसे झोपली होती आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपात दगडमातीखाली गेली. त्या महिन्यात मूग आणि उडीद नुकतेच मोंढ्यात येऊन गेलेले होते आणि अनेक शेतकऱ्यांची बाकी दुकानांकडे जमा होती. दसरा-दिवाळीला नेऊ म्हणून ती ठेवण्याची रीतच होती. पट्ट्या घरांत होत्या आणि घरे उरली नव्हती. मी ज्या दुकानात होतो तेथील मालकांनी खतावणी काढायला लावली, त्या गावांच्या प्रत्येक खात्याची बाकी वेगळ्या कागदावर उतरवून घेतली, आणि पैसे घेऊन आम्हाला त्या गावांकडे पाठवले. जो खातेदार गेला होता त्याच्या वारसाची ओळख आम्ही आमच्या मनाने ठरवत नव्हतो; पत्र्याच्या शेडपुढे गावातली चार जाणती माणसे बसवून, सर्वांदेखत नाव आणि रक्कम वाचून दाखवत होतो.

एका ठिकाणी एका गृहस्थाने सांगितले की, आमच्या कागदावरची रक्कम कमी आहे. आम्ही थकलेले होतो आणि त्याच्या दुःखापुढे वाद घालण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. थोडे पैसे जास्त देऊन विषय मिटवावा असेही कोणी सुचवले. मालकांना हे कळले तेव्हा त्यांनी खतावणीच त्या गावी नेली, त्याच्या समोर एकेक नोंद वाचली, आणि कोणत्या दिवशी किती पोती आणली होती ते त्याला आठवून सांगायला लावले. उडदाची एक खेप त्याच्या भावाच्या नावावर पडलेली निघाली. भाऊ गेला होता. रक्कम त्याला तेथेच मिळाली. थोडे जास्त देऊन विषय मिटवला असता तर दुकान उदार ठरले असते आणि तो माणूस खोटा ठरला असता. तुमच्या सरसकट वाटपाला माझा विरोध आहे तो याच कारणासाठी. आणखी एक गोष्ट तुला सांगून ठेवतो. तो गृहस्थ त्यानंतर लगेच आमच्या दुकानात आला नाही. काही हंगाम त्याने दुसरीकडे माल घातला, नंतर एकदा थोडी पोती आमच्याकडे आणली, आणि पुढे कधीतरी सगळा माल आणू लागला. मालकांनी त्याला मधल्या काळात एकदाही निरोप पाठवला नाही. तुझ्याकडेही लोक असेच परत येतील. ज्याचे २० क्विंटल आहेत तो आधी दोन पोती घेऊन येईल, पट्टी खिशात घालून दुसऱ्या काट्यावर पडताळून पाहील, आणि त्यानंतर विचार करील. त्या दोन पोत्यांची पट्टी तू २० क्विंटलइतक्याच काळजीने केली पाहिजेस. काही जण येणारच नाहीत, आणि त्यांना कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढच्या हंगामासाठीच्या व्यवस्थेत मी फार शिरत नाही. तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वैधमापन विभागाकडून दरवर्षी होते, त्याचे प्रमाणपत्र काट्याशेजारी दिसेल असे लावा. ओलाव्याचे यंत्र हंगामापूर्वी आणि हंगामातही ठरलेल्या दिवशी दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहा आणि तो आकडा फळ्यावर लिहा. नमुना पोत्याच्या तोंडचा न घेता नळी खोल घालून वेगवेगळ्या पोत्यांतून घ्या, त्याचे दोन भाग करा, आणि एक भाग बंद करून, दोघांच्या सह्या घेऊन शेतकऱ्याकडे द्या. हे सगळे पाहण्यासाठी जी समिती नेमाल तीत गावातल्या सभेत सर्वांत कडक बोललेली माणसे घ्या. गोड बोलणारे तपासत नाहीत.

आता तुझ्या चुलतभावाविषयी लिहितो. या पत्रातले हे सर्वांत कठीण आहे, कारण तो माझ्याच भावाचा मुलगा आहे आणि तुम्ही दोघे एका ताटात जेवून मोठे झाला आहात. खरेदीची जबाबदारी त्याची होती. यंत्राविषयी त्याला आठवडाभर आधी शंका आली होती आणि त्याने ती तुला सांगितली नाही. भाऊबीजेला तू त्याला ओवाळायला गेली नाहीस, हे मला तुझ्या काकूकडून कळले.

त्याने केलेल्या गोष्टी दोन आहेत आणि त्या तू वेगळ्या केल्या पाहिजेस. यंत्र न तपासणे हा हलगर्जीपणा आहे. तो कोणाच्याही हातून होतो आणि नीट व्यवस्था लावली की पुन्हा होत नाही. कळल्यावर गप्प राहणे हे त्याहून गंभीर आहे. भागीदारीच्या १९३२ च्या कायद्यात भागीदारांनी परस्परांशी न्यायाने व निष्ठेने वागावे, खरा हिशोब द्यावा आणि व्यवसायासंबंधीची संपूर्ण माहिती एकमेकांना द्यावी असे सांगितले आहे. तुमची कंपनी आहे, भागीदारी नाही, तरी तुम्हा दोघांमधले नाते मला त्या तीन कर्तव्यांनीच मोजावेसे वाटते, आणि त्यांतले तिसरे त्याने पाळले नाही. याला पांघरूण घाल, असे मी म्हणणार नाही. वडीलधाऱ्यांनी ‘घरातलेच आहे, सोडून द्या’ असे म्हणून भावाभावांतले कितीतरी व्यवहार कायमचे नासवलेले मी मोंढ्यात पाहिले आहेत. विषय सोडून दिला जातो, मनातून मात्र तो कधीच सुटत नाही, आणि मग दहा वर्षांनी बांधाच्या वादात तो बाहेर पडतो.

पण तो गप्प का राहिला, हे तू त्याला विचारलेले नाहीस असे मला तुझ्या बोलण्यावरून जाणवले. गेल्या वर्षी बारदान्याच्या खरेदीत तोटा झाला, तो त्याने आपणहून सांगितला होता. त्या वेळी संचालकांच्या बैठकीत सर्वांसमोर त्याला जे ऐकून घ्यावे लागले ते मला त्याच्या वडिलांनी सांगितले, आणि त्या बैठकीत तू अध्यक्ष होतीस. वाईट बातमी आणणाऱ्याला जेथे बातमीचीही शिक्षा होते, तेथे पुढची बातमी उशिरा येते. यामुळे त्याचा दोष कमी होत नाही. परंतु तुला जर पुढे कोणाकडूनही, मग तो भाऊ असो की दिवाणजी, खरे वेळेवर ऐकायचे असेल, तर ते ऐकताना तुझा चेहरा आणि आवाज कसा असतो याचा विचार तुला करावा लागेल. त्याला एकट्याला भेट. कार्यालयात नको, घरातल्या चार जणांसमोर नको, शेतात जा. त्याचे सगळे बोलून होईपर्यंत तू बोलू नकोस. मग तुला काय लागले ते सांग, आणि ते त्या आठवड्यापुरतेच ठेव. लहानपणापासूनचा हिशोब काढू नकोस.

गावच्या सभांत त्याला आरोपीसारखा उभा करू नकोस. शेतकऱ्यांना पट्टी कंपनीने दिली होती, तेव्हा चूकही कंपनीचीच म्हणून सांगायची आणि ती तू सांगायची. तो तुझ्याबरोबर येऊन बसला तर चांगलेच, पण ते त्याने ठरवावे. कंपनीच्या आत मात्र व्यवस्था बदलली पाहिजे. यंत्राची तपासणी दोन माणसांच्या सहीने व्हावी, आणि खरेदीच्या देण्यांवर काही काळ त्याच्या एकट्याची सही चालू नये. हे किती काळासाठी आणि कशावरून उठेल, ते लेखी ठरव. मुदत नसलेली शिक्षा माणसाला सुधारायचे कारणच ठेवत नाही. तुमच्या दोघांच्या कामांची वाटणीही या निमित्ताने कागदावर आण. सुरुवातीला मी ते सुचवले तेव्हा ‘आपल्यात कशाला लिहायचे’ असे दोघांनीही हसून म्हटले होते. आपल्यातच लिहायचे असते, कारण परक्याशी बिनसले तर धंदा जातो, आणि आपल्या माणसाशी बिनसले तर धंद्याबरोबर दिवाळीही जाते.

आणि ओवाळायला जा. भाऊबीज होऊन गेली असली तरी जा. सहीचा अधिकार काही काळ काढून घेणे आणि भावाला ओवाळणे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करता येतात, त्यांत कसलीही विसंगती नाही. सही ही कामाची आहे, ती कामावरून परत मिळवावी लागते. ताट हे नात्याचे आहे, आणि ते राखून ठेवून त्याच्याकडून कामाची वसुली करणे मला योग्य वाटत नाही. ज्या घरात या दोन्हींची सरमिसळ होते तेथे माफी मागणाऱ्याला कळतच नाही की, नेमके काय फेडले म्हणजे आपण मोकळे होऊ.

जावईबापूंविषयी एकच गोष्ट लिहितो, कारण तूच ओझरते बोललीस. हंगामात उशीर होणारच, ते त्यांना मान्य आहे. सात वाजता येते म्हणून दहा वाजता येण्याचा त्यांना त्रास होतो. दहा वाजणार असतील तर दहाच सांग.

पुढच्या आठवड्यात मी आणि तुझी आई तिकडे येतो. पट्ट्यांची दुसरी प्रत, फाटकावरची वही आणि राखून ठेवलेल्या नमुन्यांची यादी काढून ठेव. गावनिहाय गठ्ठे केलेस तर काम लवकर होईल. मंडळाची हरकत नसेल तर नव्या पट्ट्यांची बेरीज मी पडताळीन, पण सही माझी नको, तुमच्या हिशोबनिसाची असू दे. तुझ्या काकांशी मी स्वतः बोलणार आहे. मुलाची बाजू घेऊन ते तुझ्याकडे येण्यापूर्वी त्यांना सगळे माझ्याकडून कळलेले बरे. पहिली सभा कोणत्या गावात ठेवतेस ते कळव. माझे मत विचारशील तर जेथून सर्वांत जास्त टेम्पो परत गेले त्या गावात ठेव.

मुलांना आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझे बाबा